शिक्षेला मुदत हवी: जालन्यातल्या एका ख्रिस्ती कुटुंबाचं प्रकरण

हे प्रकरण जालना शहरातल्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाचं आहे. कुटुंबाला विचारून, त्यांना वाचून दाखवून मगच ते लिहिलं आहे. नावं, गल्ली, मंडळी (म्हणजे चर्च), कंपनी यांतलं काहीही दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. चर्चचे धर्मगुरू म्हणजे पाळकसाहेब; त्यांनी या कुटुंबासाठी तिघांचा एक छोटा गट केला होता: ते स्वतः, महिला मंडळातल्या एक ताई आणि मी. मी निवृत्त शिक्षक आहे. इतर मंडळ्यांतही अशी घरं आहेत, आणि तिथले पाळक व वडीलजन (मंडळीचे ज्येष्ठ कारभारी) अशा वेळी नेमकं काय करावं या पेचात असतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

वडील सेहेचाळीस वर्षांचे. मूळ गाव जालना जिल्ह्यातलंच, तिथे तीन एकर कोरडवाहू जमीन. एक वर्ष कापूस, एक वर्ष सोयाबीन. तेवढ्यावर भागेना म्हणून तरुणपणीच शहरात आले आणि सळईच्या रोलिंग मिलमध्ये लागले. जालन्याला स्टील आणि बियाणं या दोन धंद्यांनी पोसलं आहे, आणि 'जालना सोन्याचा पाळणा' ही जुनी म्हण इथले लोक आजही अभिमानानं सांगतात. त्या पाळण्याची दोरी ओढणाऱ्यांपैकी हे एक. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. आई अंगणवाडीत मदतनीस. थोरला मुलगा आणि त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान बहीण.

मंडळीत वडिलांना मान होता तो त्यांच्या प्रामाणिकपणामुळे. दानार्पणाचे पैसे मोजायला तेच बसायचे. एकदा हिशोबात वीस रुपये जास्त भरले, तर ते कुठून आले हे सापडेपर्यंत उठले नाहीत. घरातही तोच बाणा. खोटं बोलणं हे त्यांच्या लेखी सगळ्यांत मोठं पाप.

मुलगा दहावीला चांगले गुण घेऊन पास झाला आणि घराचं ठरलं: डॉक्टरकीच्या नीट परीक्षेच्या तयारीला लातूर. मराठवाड्यात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. 'लातूर पॅटर्न'चा दबदबा, ट्यूशन एरियातल्या रूम आणि मेस, सकाळपासून रात्रीपर्यंत क्लास, दर आठवड्याला टेस्ट. मुलाला डॉक्टर व्हायचं आहे का, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यानंही नाही म्हटलं नव्हतं. फी, रूम आणि मेस मिळून वर्षाचा खर्च एक लाखाच्या वर गेला. त्यातले काही पैसे पतसंस्थेचं कर्ज, काही मिलमधून घेतलेली उचल. जून २०२२ मध्ये मुलगा लातूरला गेला.

काय घडलं

बारावीच्या वर्षी मुलगा मोबाईलवर पैसे लावून रमी खेळू लागला. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणणारा केंद्राचा कायदा ऑगस्ट २०२५ मधला; हे त्याच्या आधीचं. सुरुवात कशी झाली हे त्यानं पुढे सांगितलं. रूममधला एकजण खेळायचा. पहिल्याच आठवड्यात याला अकराशे रुपये मिळाले. टेस्टमध्ये ७२० पैकी दीडशे-पावणेदोनशे पडत होते आणि इथे निदान काहीतरी जिंकता येत होतं. मग हरला, हरलेलं भरून काढायला अजून लावले. मेसचे पैसे गेले, मग फीचा दुसरा हप्ता. चार महिन्यांत चौसष्ट हजार. वडिलांना त्यानं फी भरल्याचा खोटा स्क्रीनशॉट पाठवला.

जानेवारी २०२४ मध्ये क्लासमधून वडिलांना फोन आला की हप्ता थकलेला आहे. वडील रात्रपाळी संपवून तसेच एसटीनं लातूरला गेले आणि मुलाला घेऊन आले. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. घरासमोर उतरल्यावर दार उघडायच्या आधीच कमरेचा पट्टा काढला. गल्ली बघत होती. मुलाच्या पाठीवर आणि दंडावर वळ उठले, ते पंधरा दिवस होते. शेजारच्या एका आजोबांनी मध्ये पडून हात धरला तेव्हा ते थांबले.

त्यानंतर अबोला. घरात एकाच छताखाली राहून वडील मुलाशी बोलेनात. काही सांगायचं तर आईला सांगायचे, "त्याला सांग." ते जेवायला बसले की मुलगा उठून बाहेर जायचा. बारावीची परीक्षा झाली, नीटची परीक्षा झाली, ४ जूनला तिचा निकाल लागला, मुलाला दोनशेच्या आसपास गुण. त्यावरही वडील काहीच बोलले नाहीत. पाच महिने असं चाललं.

१६ जून २०२४ ला, जूनच्या तिसऱ्या रविवारी, मंडळीत पितृदिनाचा कार्यक्रम होता. तरुण संघाकडे शास्त्रवाचन होतं आणि यादी आधीच ठरलेली असल्यामुळे या मुलाकडे इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातली पहिली तीन वचनं आली: मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं, बाप व आई यांचा मान राखावा. त्यानं ती स्पष्ट आवाजात वाचली. कागदावर तिथेच थांबायचं होतं. तो थांबला नाही. चौथं वचन त्यानं पाहून नव्हे, पाठ म्हटलं, वडिलांकडे बघत: बापांनो, आपल्या मुलांना चिरडीस आणू नका. पुढचा अर्धा भाग, प्रभूच्या शिस्तीत व शिक्षणात त्यांना वाढवा, हा त्यानं म्हटलाच नाही. माईक टेबलावर ठेवला आणि बाजूच्या दारानं निघून गेला.

वडील पास्टोरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीवर होते. संध्याकाळी त्यांनी तिचा राजीनामा पाळकसाहेबांच्या हातात दिला.

प्रश्न नेमका कोणता होता

कमिटीच्या बैठकीत बहुतेकांना प्रश्न सरळ वाटला. मुलानं चोरी केली, खोटं बोलला, बापाचा भर उपासनेत अपमान केला. एक ज्येष्ठ वडीलजन म्हणाले, "आपल्यात बापाचा शब्द शेवटचा असतो. तो मोडला की घर राहत नाही."

पाळकसाहेबांनी त्यांना जालन्याच्याच इतिहासाची आठवण दिली. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो घरच्यांचा विरोध पत्करून. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा अजाण होता. वडिलांनी कोर्टात जाऊन त्याला मिशनऱ्यांकडून परत मिळवला, आणि त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर मुंबईत मोठा वाद झाला. त्यात बाळशास्त्री जांभेकर मुलाला परत घेण्याच्या बाजूनं उभे राहिले. म्हणजे या भागातल्या मंडळीची मुळंच अशा एका घरात आहेत जिथे बापाचा शब्द आणि मुलाची श्रद्धा समोरासमोर आली. त्या घरातला बाप चुकीचा होता असं म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. लेकरासाठी कोर्टाची पायरी चढणारा बाप होता तो. पाळकसाहेबांचं म्हणणं एवढंच होतं की बापाचा मान आणि बापाचा शेवटचा शब्द या दोन गोष्टी एक नाहीत, आणि हे आपल्याला तरी कळायला हवं.

बैठकीतून उठताना माझ्या मनात एकच गोष्ट पक्की झाली होती, आणि पुढचं सगळं काम तिच्यावरच उभं राहिलं. शिक्षा जानेवारीत सुरू झाली आणि जून उजाडला तरी ती संपलेली नव्हती. पट्टा पाच मिनिटं चालला असेल. अबोला पाच महिने. ती शिक्षा कधी संपणार, काय केल्यावर संपणार, हे मुलाला माहीत नव्हतं. वडिलांनाही माहीत नव्हतं.

शास्त्रात हेच एका राजाच्या घरात घडलेलं आहे. भावाचा खून करवून पळालेल्या अबशालोमाला दाविदानं परत येऊ दिलं, पण तोंड दाखवू दिलं नाही. दोन वर्षं तो यरुशलेमेत राहिला आणि बापाचं दर्शन नाही. शेवटी त्यानं दाविदाचा सेनापती यवाब याच्या जवाच्या शेताला आग लावली, तेव्हा कुठे त्याचं म्हणणं ऐकलं गेलं. दुसऱ्या शमुवेलच्या चौदाव्या अध्यायात हे आहे. आमच्या मंडळीत त्या रविवारी पेटलं ते जवाचं शेतच होतं. मुलाचं कृत्य योग्य होतं असं मी म्हणत नाही. देवाचं वचन त्यानं दगडासारखं फेकलं, आणि अर्धंच फेकलं. पण मुलाला परत घरात घेतलं आणि तोंड फिरवलं, तर कधीतरी शेत पेटतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय कमिटीचा: मुलानं पुढच्या रविवारी मंडळीसमोर उभं राहून वडिलांची माफी मागावी, तोवर तरुण संघातून बाहेर. यात एक न्याय होता, अपमान जिथे झाला तिथेच भरपाई. पण मुलगा ते करणार नव्हता, आणि केलंच असतं तर ते आणखी एक सार्वजनिक पट्टा ठरलं असतं.

दुसरा, अनेकांच्या मनातला: घरातलं घरात राहू द्या, आपोआप निवळेल. हा पर्याय मंडळीनं जानेवारीपासून न बोलता वापरलेलाच होता.

तिसरा आईचा. तिला मुलाला पिंपरीला मामाकडे पाठवायचं होतं. "इथं दोघं एकमेकांची तोंडं चुकवायलेत, मी मधी मरायले," ती म्हणाली. तिची दमछाक खरी होती. ताईंचं म्हणणं पडलं की मुलगा आत्ता गेला तर वडिलांची ती शेवटची आठवण राहील, आणि मामाकडे मोबाईलही त्याच्या हातात असेल.

चौथा पर्याय आम्ही गंभीरपणे बोललो, कारण तो टाळणं सोपं असतं. मुलगा तेव्हा अठरा पूर्ण नव्हता. ज्यांच्या ताब्यात मूल आहे त्यांनीच त्याला मारहाण करून यातना दिल्या तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली तो गुन्हा आहे, मग मारणारा बाप का असेना. मारहाण पुन्हा झाली आहे का, बहिणीवर किंवा आईवर कधी हात उठला आहे का, हे ताईंनी आई आणि मुलगी दोघींना वेगवेगळं विचारलं. दोघींनी नाही सांगितलं. शेजाऱ्यांकडूनही तसं काही कळलं नाही. म्हणून आम्ही तक्रारीकडे गेलो नाही, पण मुलाला आणि बहिणीला १०९८ हा चाईल्डलाइनचा नंबर लिहून दिला आणि हे दिलं आहे असं वडिलांना सांगितलं. वडिलांच्या चेहऱ्यावर ते उमटलं. तरी सांगितलं. ही अट पक्की नसेल तर मंडळीनं अशा घरात मध्यस्थी करूच नये, असं माझं ठाम मत आहे.

पाचवा पर्याय आम्ही धरला: दोघांशी आधी वेगवेगळं बसायचं, पहिल्यांदा वडिलांशी, आणि एकत्र बसवायचं ते दोघांकडे एकमेकांना सांगायला काहीतरी असेल तेव्हाच.

काय केलं

वडिलांकडे आधी का? कमिटीतल्या काहींना वाटलं, चूक मुलाची म्हणून आधी मुलाला धरावं. पण शिक्षा थांबवण्याची किल्ली वडिलांकडे होती.

ते चर्चमध्ये यायला तयार नव्हते, म्हणून दिवसपाळी सुटल्यावर मिलच्या बाहेर चहाच्या टपरीवर बसलो. त्यांच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना चट्टा आहे. तो दाखवून ते म्हणाले, "सर, मिलमधी लाल सळई सापासारखी येते. चिमट्यानं धरायची. एकदा चुकलं की चुकलं, तिथं दुसरा चान्स नसतो. पोराला तेच कळावं असं वाटलं."

"त्याला काय शिकवायचं होतं तुम्हाला?" मी विचारलं.

"खोटं बोलायचं नाही."

"हे त्याला सांगितलं?"

बराच वेळ गेला. "पट्ट्यानं सांगितलं," ते म्हणाले.

पाळकसाहेबांनी त्यांना उपदेश केला नाही. इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय त्यांच्यापुढे ठेवला आणि वाचायला सांगितलं. आपल्याकडे शिस्तीवर बोलताना नीतिसूत्रांतली छडी सगळ्यांना पाठ असते. इब्री पत्र सहसा आठवत नाही. तिथे लिहिलं आहे की आपल्या बापांनी त्यांना योग्य वाटेल तशी थोडे दिवस शिक्षा केली. पुढे म्हटलं आहे की शिक्षा त्या वेळी आनंदाची वाटत नाही, पण जिच्यामुळे वळण लागतं ती नंतर शांतीचं फळ देते. वडिलांचं बोट 'थोडे दिवस' या शब्दांवर थांबलं. ते स्वतःच म्हणाले, "माझे लई दिवस झाले."

त्या संध्याकाळी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. आठवडाभर मिलमधून येताना ते मुलाशी काय बोलायचं याची जुळवाजुळव करायचे, आणि दारात चपला काढल्या की शब्द जायचे. राग केव्हाच ओसरला होता. परत कसं फिरायचं हे कळत नव्हतं, आणि फिरलो तर पोरगं डोक्यावर बसेल ही भीती होती. अबोला धरणाऱ्या कितीतरी बापांचं असंच असतं. मुलाला बाहेरून फक्त पाठ दिसते.

मुलगा आमच्याशी पहिल्यांदा जेमतेम बोलला. दुसऱ्यांदा आईनं भजी केली होती, ताई सोबत होत्या, आणि तो मोकळा झाला. चोरी, स्क्रीनशॉट, सगळं कबूल. "मी चुकलो हे मला कळतंय. पण पप्पांनी एकदाही विचारलं नाही, का केलंस म्हणून. विचारलं असतं तर सांगितलं असतं की मला ते लातूर जमतच नव्हतं." टेस्टचे खरे गुण त्यानं घरी कधीच सांगितले नव्हते. दर रविवारी फोनवर वडील म्हणायचे, "आपलं घर तुझ्यावर आहे," आणि फोन ठेवला की तो खेळायला बसायचा.

मग मान या विषयावर त्याच्याशी बोलणं गरजेचं होतं, कारण चौथं वचन त्यानं बरोबर ओळखलं होतं पण पहिली तीन अजून त्याच्यावर लागू होती. आम्ही उत्पत्तीतला नोहाचा प्रसंग काढला. नोहा दारू पिऊन तंबूत उघडा पडला. हामानं ते बघितलं आणि बाहेर जाऊन भावांना सांगितलं. शेम आणि याफेथ पाठमोरे चालत आत गेले आणि बापाला झाकलं. नोहा प्याला नव्हता, असं कुणीही म्हटलेलं नाही. बापाची चूक चूकच राहिली. तिचा बाजार कुणी मांडला आणि तिच्यावर पांघरूण कुणी घातलं, एवढाच फरक.

मुलानं विचारलं, "मग मी हामासारखं केलं?"

पाळकसाहेब म्हणाले, "त्या रविवारी, हो." आणि लगेच पुढे म्हणाले की अंगावरचे वळ झाकणं याला मान म्हणत नाहीत; वडिलांचा हात पुन्हा उठला तर आम्हाला त्याच दिवशी सांगायचं, आणि तसं सांगितल्यानं दहा आज्ञांपैकी एकही मोडत नाही. हा भेद मुलांना स्पष्ट शब्दांत सांगितला नाही तर नोहाची गोष्ट मारकुट्या माणसाच्या कामी येते.

एकत्र बैठक त्यांच्याच घरी झाली, वडिलांच्या सुट्टीच्या दिवशी. सुरुवात वडिलांनी करावी असं ठरलं होतं. "माफ कर" हे शब्द त्यांच्या तोंडून आले नाहीत. त्यांनी मुलाकडे पाहिलं, जानेवारीनंतर पहिल्यांदा, आणि म्हणाले, "पट्टा उचलायला नको होता. आणि का केलंस ते विचारायला पाहिजे होतं. आता विचारतो." मुलगा रडला. मग त्यानं सांगितलं, अगदी स्क्रीनशॉट कसा बनवला इथपर्यंत.

इथे एक धोका होता, आणि अशा प्रकरणांत तो हमखास येतो. सगळ्यांचे डोळे ओले झाले की शिक्षा तिथेच सोडून द्यावीशी वाटते. आई म्हणालीच, "झालं ना आता, जाऊ द्या." वडील गप्प झाले. आम्ही जाऊ दिलं नाही. चौसष्ट हजार रुपये पतसंस्थेचं कर्ज होऊन त्या घराच्या डोक्यावर होते. त्यांचं काय? एली याजकाला मुलांचं वागणं माहीत होतं, तो बोललाही, पण त्यानं त्यांना आवरलं नाही, हाच तर शमुवेलच्या पुस्तकात त्याच्यावरचा ठपका आहे.

वहीच्या पानावर लिहून काढलं. मुलानं काम धरायचं आणि महिन्याला अडीच हजार वडिलांच्या हातात द्यायचे. आईच्या हातात नाही. मोबाईल साधा, पैसे पाठवायची सोय नसलेला, नाताळापर्यंत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघांनी बसून हिशोब बघायचा. दिवसपाळीच्या आठवड्यात रात्रीचं जेवण एकत्र. निरोप आईमार्फत बंद. वडिलांनी हात उचलायचा नाही.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो एका ओळीवर: शिक्षा कधी संपली असं धरायचं? वडिलांचं म्हणणं, पैसे फिटले की. म्हणजे दोन वर्षांहून जास्त. आम्ही म्हटलं, पैशांची परतफेड चालू राहील, ती जबाबदारी आहे. शिक्षा वेगळी आणि तिला तारीख हवी. शेवटी २५ डिसेंबर ठरलं. वडिलांनी तारीख स्वतःच्या हातानं लिहिली.

काय झालं

ऑगस्टमध्ये मुलानं आयटीआयला इलेक्ट्रिशियनला प्रवेश घेतला. रिपीटर बॅचला जायचं नाही असं त्यानं वडिलांना तोंडावर सांगितलं. वडिलांना ते लागलं, अजूनही लागतं. डॉक्टरकीचं स्वप्न त्यांनी सोडलं आहे, पण आनंदानं नाही. संध्याकाळी मुलगा वायरिंगच्या कामांवर जातो.

अडीच हजार चार महिने वेळेवर आले. नंतर काम नव्हतं तेव्हा दोन महिने काहीच आलं नाही. आधीच्या वडिलांनी हे खोटं धरलं असतं. या वेळी त्यांनी ठेकेदाराला विचारावं का, असं मुलालाच विचारलं. मुलगा म्हणाला विचारा. त्यांनी विचारलं नाही.

नाताळाच्या सकाळी वडिलांनी स्मार्टफोन परत दिला. उपासनेला चौघं एकत्र आले.

सगळं जुळलं असं मात्र नाही. मुलगा दृढीकरणाच्या (मंडळीचा पूर्ण सभासद होण्याच्या विधीच्या) वर्गाला बसलेला नाही आणि उपासनेला कधी येतो, कधी येत नाही. वडील कमिटीवर परतले नाहीत. फेब्रुवारीत मोटारसायकल घेण्यावरून दोघांचं इतकं जोरात भांडण झालं की आईनं पाळकसाहेबांना फोन केला. ते पोचेपर्यंत दोघं चहा पीत होते, तोंडं फुगलेली, पण एकाच खोलीत. मुलानं पुन्हा एकदा खेळात पैसे लावले होते, दोनशे रुपये. हे त्यानं पहिल्या रविवारच्या हिशोबात स्वतः सांगितलं. वडिलांचा चेहरा लाल झाला. ते उठून अंगणात गेले, परत आले आणि म्हणाले, "का?" माझ्या मते या प्रकरणात सगळ्यांत महत्त्वाचं जर काही घडलं असेल तर ते हे.

वेगळं काय करता आलं असतं

जानेवारीत गल्लीनं पाहिलं, आठवड्याभरात मंडळीला कळलं, आणि जूनपर्यंत कुणी त्या घरी गेलं नाही. मयत झाली तर आपण त्याच संध्याकाळी जातो, बारसं असेल तर जातो. मारहाणीनंतर पहिल्या आठवड्यात कुणी मोठं माणूस गेलं असतं तर अबोला मुरला नसता. आता आमच्याकडे ठरलेलं आहे: असं काही कानावर आलं की दोन दिवसांच्या आत दोघांनी जायचं, एकानं मोठ्यांशी आणि एकानं मुलांशी बोलायचं.

मुलाच्या जुगाराकडे सगळ्यांनी पाप आणि पैसा एवढ्याच नजरेनं पाहिलं. ती सवय होती, आणि तिला जाणत्या माणसाची मदत लागते. शासनाची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ वरची मोफत फोन सेवा २०२२ पासून चालू आहे आणि जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. प्रार्थना करावी आणि तिथेही जावं. या मुलाला तिथे नेलं ते दोनशे रुपयांच्या प्रसंगानंतर, म्हणजे आठ महिने उशिरा.

पितृदिनाच्या वाचनात चौथं वचन वगळलेलं होतं, ते कुणी मुद्दाम केलं नव्हतं. वर्षानुवर्षं तसंच चालत आलं आहे. हा दिवस पहिल्यांदा १९१० मध्ये अमेरिकेतल्या स्पोकेन शहरात साजरा झाला तो एका मुलीच्या आग्रहानं. तिच्या वडिलांनी बायको गेल्यावर पोरांना एकट्यानं वाढवलं होतं. म्हणजे त्या दिवसाच्या मुळाशी बापाचं काम आहे, नुसता हक्क नाही. २०२५ च्या जूनमध्ये आमच्याकडे चारही वचनं वाचली गेली, पहिली तीन एका मुलीनं आणि चौथं एका बापानं. पेरणीचे दिवस असल्यानं गावाकडचे बरेच बाप त्या दिवशी नव्हते. त्यांच्यासाठी काय करता येईल हे अजून सुचलेलं नाही.

आणि लातूरला पाठवण्याआधी मुलाला विचारायला हवं होतं. यात वडिलांना एकट्याला बोल लावता येत नाही. शाळेत, मंडळीत, शेजारात प्रत्येकानं "डॉक्टरसाहेब" म्हणून त्या पोराच्या पाठीवर थाप मारली होती.

एक गोष्ट या सगळ्यात राहूनच गेली, ती म्हणजे बहीण. पट्टा चालला तेव्हा ती दारात उभी होती. सगळ्यांचं लक्ष भावाकडे आणि वडिलांकडे, आणि ती शहाण्यासारखी वागत राहिली, म्हणून तिला काही विचारावं असं कुणाला वाटलं नाही. १०९८ चा कागद तिच्या हातात दिला तेवढाच. यंदा तिनं गणिताच्या घटक चाचणीचा पेपर दोन आठवडे दप्तरात लपवून ठेवला होता, चाळीसपैकी अकरा गुण म्हणून. तो वडिलांनाच सापडला. ते रागावले नाहीत, तिला जवळ बसवून विचारलं, पण ती बोलली नाही. महिला मंडळातल्या ताई आता दर शनिवारी तिला गणित शिकवायला बोलावतात, आणि वडील तिला सोडायला आणि न्यायला स्वतः जातात.